हाय-युनीने काढलेला कावळा पारव्यासारखा का दिसतो?

काजळरेघ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबला आहे. कंटाळा आला तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा, मी रागावणार नाही.

मी कावळे काढते. बाकीचंही काढते, पण गेली दोन वर्षं वही उघडली की आधी कावळाच उतरतो. एक नेमाने खिडकीच्या गजावर येऊन बसतो, मान तिरकी करून माझ्याकडे बघतो आणि मी डोळ्यापाशी पोचले की उडून जातो. त्यामुळे माझ्याकडे अर्धे कावळे पुष्कळ आहेत.

आजवर निळ्या जर्मन पेन्सिलींवर, म्हणजे स्टेडलरच्या लुमोग्राफवर, माझं छान चाललं होतं. पण जिथे तिथे जपानी पेन्सिलींचं कौतुक वाचून शेवटी मोह झाला. पूर्ण संच घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून सुट्या घेतल्या: मित्सुबिशीच्या हाय-युनी एचबी, २बी, ४बी, ६बी आणि टॉम्बोच्या मोनो १०० मधल्या २बी, ४बी. दोन दिवस त्या नुसत्या पेल्यात उभ्या होत्या. हाय-युनीचा तो मरून रंग आणि मोनोच्या काळ्या टोपीवरून गेलेली पांढरी पट्टी बघून टोक करायचं जिवावर येत होतं. तिसऱ्या दिवशी टोक केलं तेव्हा लाकडाचा वास आला आणि मी सालं फेकून न देता डबीत ठेवली. हसा खुशाल.

मग एक चाचणी केली. बहिणीने प्रत्येक पेन्सिलीला कागद गुंडाळला, रंग आणि नाव दिसणार नाही असं, आणि तीन २बी एकामागून एक माझ्या हातात दिल्या. एकाच कार्ट्रिज कागदावर, म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदावर, मी छोटे चौकोन भरत गेले. असं बारा वेळा केलं. जर्मन २बी मी दर वेळी ओळखली. तिला आवाज आहे. कागदावरून जाताना ती बारीक खरखरते आणि चौकोन फिका उमटतो. जपानी दोघींमध्ये मात्र निम्म्या वेळा फसले. मोनोचं टोक किंचित जास्त टिकतं आणि हाय-युनी किंचित जास्त काळी उमटते, असं मला वाटतं. पण बारापैकी सहा चुकणाऱ्या बाईने 'किंचित' या शब्दावर किती भर द्यावा!

गंमत म्हणजे जर्मन ३बीचा चौकोन जपानी २बीच्या शेजारी ठेवला तर ते जुळे वाटतात.

इथवर सगळं छान. मग कावळा घेतला. एचबीने बाह्यरेषा, २बीने पंख, ४बीने सावल्या, आणि मानेखालच्या गडद भागाला ६बी. पेन्सिल इतकी मऊ चालत होती की मी दाबतच गेले, दाबतच गेले. रात्री दिव्याखाली चित्र धरलं तर मान चांदीसारखी चमकतेय. जिथे सगळ्यात काळं हवं तिथे सगळ्यात उजळ! घरात पहिली प्रतिक्रिया आली, "पारवा छान जमलाय."

तर प्रश्न असे. एक, २बी म्हणजे २बी ना? मग कंपनीगणिक फरक का? दोन, ही चमक घालवायची कशी, की या पेन्सिली माझ्या कामाच्याच नाहीत? तीन, हाय-युनीचा २२ पेन्सिलींचा संच घ्यावा का? तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, पण कोणीतरी 'नको' म्हणावं अशी इच्छा आहे.

टोकदार

पारवा! वा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर मी बऱ्याच जणांशी भांडलोय. २बी हे माप नाही, ती जागा आहे. पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतंच हे तुम्हाला माहीत असेल. ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मळून, काड्या ओढून, भट्टीत भाजून, मग तेल-मेण मुरवून ते तयार होतं. माती जास्त तर काडी कडक आणि रेघ फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. माती मिसळून कडकपणा कमी-जास्त करायची ही युक्ती फ्रान्समध्ये काँते नावाच्या संशोधकाने १७९५ साली पेटंट केली आणि सगळे अजून तीच वापरतात. पण २बीमध्ये किती ग्रॅफाइट हवं याचा जगभर चालणारा एकच नियम नाही. प्रत्येक कंपनी आपली शिडी स्वतः बांधते. २बी म्हणजे त्या शिडीवरची एचबीपासून मऊ बाजूची दुसरी पायरी, एवढंच. जपानी शिड्या एकूणच काळोखाकडे सरकलेल्या असतात, म्हणून तुमची जर्मन ३बी आणि जपानी २बी जुळ्या निघाल्या. तुमचे डोळे ठीक आहेत.

जपानच्या औद्योगिक मानकात ९एच ते ६बी अशा १७ श्रेणी धरल्या आहेत. मोनो १०० नेमक्या तेवढ्याच १७ मिळतात. हाय-युनी १०एच ते १०बी अशा २२ आहेत. मानकाच्या पलीकडच्या त्या जास्तीच्या श्रेणी कंपनीने आपल्या हिशोबाने ठरवल्या. म्हणून १०बी विकत घेताना ती ६बीपेक्षा 'चार मापं' काळी असेल असं धरू नका. तसं काही नसतं. माझ्याकडे आहे, मऊ आहे, जाड आहे, टोक म्हणावं असं तिला टोकच नाही.

जाता जाता एक. मित्सुबिशी पेन्सिल आणि मोटारगाड्यांची मित्सुबिशी यांचा काडीचा संबंध नाही. पेन्सिलवाल्यांची सुरुवात १८८७ ची, मासाकी निरोकु नावाच्या गृहस्थाने केलेली. तीन हिऱ्यांचं चिन्ह त्यांनी १९०३ मध्ये नोंदवलं, मोटारवाल्या समूहाच्या आधी. त्याआधी १९०१ मध्ये त्यांनी सरकारच्या दळणवळण खात्याला तीन प्रकारच्या पेन्सिली पुरवल्या होत्या, त्या तिनांवरून आणि मासाकी घराण्याच्या तीन त्रिकोणांच्या कुलचिन्हावरून ते सुचलं. इंजिनाचा दर्जा पेन्सिलीत उतरलाय वगैरे वाचलंत तर पुढे चला.

युनी आली १९५८ मध्ये, ५० येनला, जेव्हा साधी पेन्सिल १० येनला मिळायची. १९६६ मध्ये हाय-युनी आणि १९६७ मध्ये मोनो १००, दोन्ही १०० येनला. म्हणजे तुम्ही बहिणीकडून जी कुस्ती लावलीत ती त्यांची पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे आणि अजून कोणी चितपट झालेलं नाही. बारापैकी सहा हा निकाल अगदी योग्य आहे.

चमकेबद्दल दुसरे सांगतील, मी रेघावाला माणूस आहे, मला काळं भरायला आवडत नाही.

अर्धी पेन्सिल

टोकदारांनी सगळं सांगितलं आणि मुख्य गोष्ट राहिली.

ताई, चमक पेन्सिलीची नाही, दाबण्याची आहे. ग्रॅफाइट म्हणजे पापुद्रे. हलक्या हाताने लावलं तर ते कागदाच्या दाण्यांवर वेडेवाकडे बसतात, उजेड सगळीकडे विखुरतो आणि डोळ्याला काळं दिसतं. दाबलं की सगळे पापुद्रे एका दिशेने आडवे होतात आणि आरसा तयार होतो. ६बीमध्ये माती कमी, म्हणून आरसा लख्ख. तुम्ही जर्मन पेन्सिलीवर शिकलात, तिथे काळं काढायला जोर लावावा लागतो, आणि तोच जोर आता इथे लावताय. हात जुना, पेन्सिल नवी.

मलाही तेच झालं होतं. माझ्या हातावर शाळेतल्या कडक पेन्सिलींचा संस्कार, मधल्या बोटाला घट्टा. पहिल्या महिन्यात हाय-युनीच्या चार शिसांचे तुकडे झाले आणि मी कंपनीला शिव्या घातल्या. नंतर कळलं, टोक मी करत होते ते साध्या शार्पनरने, पातं बोथट झालेलं, ते मऊ शिसं कापत नाही, पिरगाळतं. तेव्हापासून ४बी आणि त्याहून मऊ सगळं चाकूने. या पेन्सिलींचं लाकूड बहुतेक इन्सेन्स सीडरचं असतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं झाड, आणि चाकूला ते इतकं सरळ जातं की टोक करणं हाच एक छंद होतो. वास येतो म्हणालात तो त्याचाच. लाकूड लांब सोला, शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवा आणि पेन्सिल लिहिताना धरतो तशी न धरता वरून, तळव्याखाली आडवी धरा. तसं धरल्यावर दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही. टोकाने नाही, कडेने भरा.

मग थर द्या. एक ४बीचा, हलका. त्यावर दिशा बदलून दुसरा. मग एचबी किंवा तिच्याहून जरा कडक अशा एफने, पुन्हा हलकेच, दाण्यांमधले पांढरे खड्डे भरून घ्या. मऊवर कडक फिरवलं की ग्रॅफाइट खड्ड्यात उतरतं आणि काळं घट्ट होतं. नंतर परत ४बी. चार-पाच थरांत तुमची मान काळी होईल आणि ६बी बहुतेक लागणारच नाही.

आणखी एक, खोडरबर घासू नका. मळून घ्यायचं खोडरबर टोकदार करून टेकवा आणि उचला. हलके थर सहज उचलले जातात, दाबलेलं ग्रॅफाइट कागदात खळगा करून बसतं, ते जात नाही.

संच नको. २२ पैकी सहा झिजतील, बाकीच्या सोळा डब्यात सुंदर दिसतील.

काजळरेघ

'हात जुना, पेन्सिल नवी' हे लागलं. माझ्या मधल्या बोटालाही घट्टा आहे, आत्ता बघितला.

आडवी धरून बघितली. पहिली दहा मिनिटं पेन्सिल दोनदा हातातून पडली आणि मला आपण पहिलीत आहोत असं वाटलं. पडल्यामुळे आत शिसं तुटलं असेल का?

अर्धी पेन्सिल

फरशीवर पडली असेल तर शक्य आहे. टोक करताना कळेल. सुटं टोक गळून पडलं तर तिथवर सोलून टाका, आणि कामाच्या टेबलावर खाली टॉवेल पसरा.

कोळसेवाला

सगळं वाचलं. माझं मत कोणी विचारलं नाही तरी देतो.

खरा काळा हवा असेल तर ग्रॅफाइटकडे मागू नका, त्याच्याकडे तो नाहीच. तो मुळात गडद राखाडी आहे. काळा कोळशाकडे आणि काजळीकडे आहे. कार्बन पेन्सिल घ्या, किंवा ज्यात ग्रॅफाइटसोबत कार्बन घातलेला असतो त्या मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, पेन्सिली मिळतात, तुमच्या निळ्या जर्मन कंपनीचीही एक काळी मालिका आहे. कावळ्याच्या मानेला दोन मिनिटं लागतील. हे पाच-पाच थर कोण करत बसणार?

फक्त क्रम पाळा. आधी कार्बन, मग ग्रॅफाइट. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही, घसरतो, ठिपके ठिपके होतात. आणि चित्र झाल्यावर मॅट फिक्सेटिवचा, म्हणजे चित्र पुसू नये म्हणून मारतात त्या द्रवाचा, हलका फवारा मारला तर उरलेली चमकही थोडी दबते. थोडी. जादू नाही.

दुसरं. कावळा काळा असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? उन्हात बसलेला कावळा नीट बघा. पाठीवर निळसर चमक असते, पंखांच्या कडा अक्षरशः पांढऱ्या दिसतात, आणि मानेकडे तो मळकट राखाडी. तुमच्याकडच्या पाहुण्याची मान कशी आहे?

टोकदार

कोळसेवाले नेहमीप्रमाणे आधी आग लावतात आणि मग मुद्द्याचं बोलतात.

पण कार्बन नि ग्रॅफाइट एका चित्रात मिसळलं की दोन वेगळे काळे दिसतात, एक कोरडा आणि एक तेलकट, आणि वहीतलं चित्र हलवलं की शिवण दिसते. मला ते खपत नाही. ज्याची त्याची आवड.

काजळरेघ, एक एफ मागवा. एचबी आणि एचच्या मधली. तिला कोणी विचारत नाही, पण वरच्या पद्धतीत खड्डे भरायला तिच्यासारखी नाही. एचबीपेक्षा टोक टिकतं आणि एचसारखी कागद ओरबाडत नाही.

काजळरेघ

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांनी सांगितलेलं सगळं केलं, म्हणून उशीर.

आधी पाहुण्याची मान. कोळसेवाले, तुम्ही बरोबर होतात आणि मला त्याचा जरा राग आला. दोन वर्षं मी ज्याला काढतेय त्याची मान राखाडी आहे! डोकं, गळा आणि पंख काळे, मधली मान आणि छातीचा वरचा भाग धुरकट. मी प्रत्येक चित्रात तिथे ६बी घासत होते, कारण माझ्या डोक्यातला कावळा सगळा काळा होता. घरी 'पारवा' म्हटलं तेव्हा मी चिडले होते, प्रत्यक्षात ती एकच गोष्ट त्या चित्रात खऱ्याजवळ गेलेली होती, तीही चुकून.

आता पेन्सिलींबद्दल. चाकूने टोक करायला शिकले. पहिली तीन टोकं बघून बहिणीने विचारलं, पेन्सिल उंदराने कुरतडली का. चौथं बरं झालं. पडलेल्या २बीमध्ये दोन ठिकाणी तुटलेलं निघालं, तेवढी सोलून टाकली, जीव हळहळला. टॉवेल पसरला आहे.

थरांची पद्धत: पहिला पंख भरायला पाऊण तास लागला. मध्येच मला वाटलं की हे काही होत नाहीये, फिकटच आहे, आणि हात आपोआप उभा होऊन दाबायला निघाला. मग मी डाव्या हाताने काढायला लागले. थट्टा नाही. डाव्या हाताला दाबायची सवयच नाही, तो बिचारा हलकेच फिरतो. दोन-तीन दिवस सुरुवातीचे थर डाव्याने दिले आणि त्यावरून उजव्याला अंदाज आला की किती कमी जोर पुरतो. हाय-युनी ४बी नुसत्या स्वतःच्या वजनाने टेकवून ओढली तरी रेघ उमटते. माझी जुनी जर्मन ४बी तशी ओढली तर जेमतेम दिसते. फरक मला इथे कळला, चौकोनांच्या चाचणीत नाही. त्या चाचणीत मी सगळ्यांना सारखंच दाबत होते.

एफ आली. टोकदार, तुमचे आभार. तिसऱ्या थराला ती फिरवली आणि दाण्यातले पांढरे ठिपके एकेक करून विझत गेले, ते बघत बसावंसं वाटलं. चौथ्या-पाचव्या थराला पंख काळा झाला. दिव्याखाली तिरका धरला तर अजून चमकतो, पण सगळा सारखा चमकतो, त्यामुळे कावळाच वाटतो.

कार्बन पेन्सिलही आणली, फक्त डोळ्यासाठी. डोळा सगळ्यात आधी काढला, ग्रॅफाइट लागायच्या आत. मध्ये एक पांढरा ठिपका सोडला. शिवण दिसते का? दिसते. पण तो डोळा आहे, बाकी अंगापेक्षा वेगळा दिसला तर बिघडलं कुठे? टोकदार, तुम्ही नापसंत कराल, माहीत आहे.

एका बाबतीत मी निळ्या जर्मन पेन्सिलीकडे परत गेले. कावळ्याचे पाय. ते खवले-खवले, कोरडे, नखांपाशी भेगाळलेले असतात आणि हाय-युनी तिथे फार गुळगुळीत चालते, पाय साबणाचे वाटतात. खरखरणारी एचबी घेतली आणि दोन मिनिटांत पाय झाले. मोनो २बी चोचीला ठेवली आहे, तिचं टोक खरंच जास्त टिकतं, आता मी शपथेवर सांगायला तयार आहे. बहीण म्हणते पुन्हा कागद गुंडाळू का. नको म्हटलं.

संच घेतला नाही. हाय-युनीची आणखी एक ४बी घेतली, कारण पहिली आता बोटाएवढी उरली आहे आणि पेन्सिल वाढवायची नळी लावून चालू आहे. ६बी बहिणीने नेली, खोक्यांवर नावं घालायला. म्हणते फार छान चालते.

चित्राचा फोटो उद्या टाकते. खिडकीपाशी काढेन, दिव्याखाली नाही.